शनिवारचं पाणी

आत्मकथन लिहायचं माझं वय नाही, असं आमच्या संघटनेतली मोठी माणसं म्हणतात. मी जेमतेम तिशी ओलांडली आहे. पण आमच्या पनवेल-उरणकडे डोंगर खणून खाड्या भरण्याचा वेग बघितला, तर म्हातारपणाची वाट पाहत बसणं मला सुरक्षित वाटत नाही. तोपर्यंत ज्या जागेबद्दल लिहायचं ती जागाच नसायची. म्हणून कॉलेज संपल्यानंतरच्या एका हिवाळ्याबद्दल आत्ताच लिहून ठेवते. त्या हिवाळ्यात मी माझ्या सख्ख्या काकांवर संशय घेतला, आणि तो घेतल्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आमचं घर गावाच्या शेवटच्या आळीत आहे, म्हणजे खाडीकडून मोजलं तर पहिलं. घरामागे परसू, परसवाच्या पुढे भाताची शेतं, शेतांच्या पुढे मातीचा बांध आणि बांधापलीकडे खाडी. बांध नसेल तर शेत नाही, इतकं ते सरळ आहे. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. त्याला बाहेर थोपवून आत गोडं भात पिकवायचं हा आमच्या आगरी लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. बांधात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. तिच्या बाहेरच्या अंगाला जाड लाकडाची झडप टांगलेली असते. भरती चढली की बाहेरचं पाणी झडपेला ढकलतं आणि ती आपटून मिटते. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला उघडून बाहेर निघून जातं. तो आपटण्याचा आवाज आमच्या घरात स्वच्छ ऐकू येतो. दूरवर कोणीतरी मोठी पेटी धाडकन बंद करावी तसा. माझ्या लहानपणी घड्याळ भिंतीवर होतं, पण आये चालायची त्या आवाजावर. तांदळाची भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा, मान थोडी खाडीकडे वळायची आणि ती म्हणायची, "लागली." मग पुन्हा थापणं सुरू. कोणाला सांगायची कोण जाणे. बाबा होते तेव्हा बहुतेक त्यांना सांगायची, आणि ते गेल्यावर सवय राहिली.

ती झडप अडकू नये, तिच्या तोंडाशी गाळ साठू नये, खेकड्यांनी बांधाला पाडलेली बिळं वेळच्या वेळी बुजवावीत, ही कामं घराघराने वाटून घेतलेली असतात. त्याला पाळी म्हणतात. ज्याची पाळी त्याची उघाडी. पाळीवर बापये जातात, बाया जात नाहीत, का जात नाहीत हे मी लहान असताना विचारलं तेव्हा काकू म्हणाली, "नाय जात म्हणून नाय जात." बाबा वारल्यावर आमच्या घराची पाळी त्यांच्या धाकट्या भावाने, दामाकाकांनी घेतली. त्यांचं घर आमच्याला लागूनच, मधे एक भिंत. पुढे गावातले पुरुष कंटेनर यार्डात लागले, टेम्पो चालवायला लागले, आणि ज्याला सुट्टी मिळायची नाही तो म्हणायचा, "दामा, आमची पन बग." काका बघायचे. असं करत करत सगळ्या गावाच्या पाळ्या एका माणसाच्या हातात गेल्या. कोणी त्यावर आक्षेप घेतला नाही, उलट सगळ्यांना बरं वाटलं. मला विचाराल तर इथेच काहीतरी चुकलं होतं. सगळ्यांना बरं वाटतं तेव्हा मी जरा सावध होते.

ही सवय मला पत्रकांनी लावली. पनवेलला कॉलेजात असताना जमिनीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका संघटनेत मी जायला लागले. आमच्या भागात सभा म्हटली की चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाचं नाव घेतल्याशिवाय भाषण सुरू होत नाही, आणि पत्रक वाटल्याशिवाय सभा संपत नाही. ती पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यासाठी माझं अर्धं राहणं पनवेलच्या एका खोलीत असायचं. मला लिहायला शिकवणाऱ्या कार्यकर्त्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दुसऱ्याचं पत्रक हातात आलं की त्यात काय लिहिलंय ते मागाहून वाच. काय लिहिलेलं नाही ते आधी शोध.

त्या वर्षी दिवाळी सरता सरता एक पांढरी गाडी आमच्या आळीत येऊन उभी राहिली आणि तिच्यातून शेखर नावाचा, पट्ट्यांच्या चपला घातलेला, हसरा माणूस उतरला. मुंबईच्या एका टूर कंपनीचा. नागपूर, इंदूर, जबलपूर इकडची कुटुंबं तो मुंबई दाखवायला आणायचा. काकांच्या ओट्यावर बसून चहा पिता पिता त्याने धंदा समजावून सांगितला. लोक चार दिवसांसाठी येतात. गेटवे, राणीची बाग, स्टुडिओ, मॉल, चौपाटी. तिसऱ्या दिवशी पाय सुजतात, मुलं रडतात, नवरा-बायकोची भांडणं होतात. म्हणून कंपनीने ठरवलं होतं की मधला एक दिवस निसर्गाचा ठेवायचा. सकाळी कर्नाळ्याला पक्षी, दुपारी आमच्या गावात जेवण, मग खाडीत नौकाविहार, रात्री मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी ताजेतवाने होऊन परत मुंबई.

"लोकांना मुंबई हवी असते काका," शेखर म्हणाला, "पण मुंबईतून जरा सुटकाही हवी असते."

"मंग मुंबईला जातात कनाला?" काकांनी विचारलं आणि ओट्यावरचे सगळे हसले. शेखरही हसला. तो प्रत्येक गोष्टीला हसायचा, त्यामुळे त्याला कशाचं हसू येतं हे कधी कळायचं नाही.

त्याने रंगीत माहितीपत्रक काढलं. गुळगुळीत कागद, वर फ्लेमिंगो. मी ते घेतलं आणि शिकवल्याप्रमाणे आधी नसलेलं शोधलं.

"गावाचं नाव कुठे आहे?"

"मॅडम, ते मुद्दाम नाही टाकलं. गर्दी होऊ नये म्हणून. आपण फक्त 'मुंबईजवळचा अस्पर्श खाडीकिनारा' असं म्हटलंय."

"गर्दी आधीपासूनच आहे," मी म्हटलं. "आम्ही राहतो इथे."

काका शेखरकडे वळून म्हणाले, "आमची निशा हाय ती. कागद दिसला की चावते. तू चा पी."

अस्पर्श. माझ्या आजापणज्यांनी घमेल्या-घमेल्याने माती टाकून केलेला किनारा अस्पर्श. मी ते पत्रक घडी करून पिशवीत ठेवलं. राग आला की मी कागद फेकत नाही, ठेवते.

मग शनिवार सुरू झाले. खरं सांगायचं तर पहिले काही शनिवार मला आवडायला लागले होते, आणि त्याचाच मला जास्त संशय आला. गावात लगबग असायची. ज्यांच्या घरात एक जास्तीची खोली होती त्यांनी तिला रंग दिला. काकू पहाटे उठून वालाचं बिरडं सोलायला बसायची, घावणे घालायची, खोबरं-लसणाचा वास भिंतीपलीकडून आमच्याकडे यायचा. पाहुण्यांमधले निम्मे शाकाहारी आणि उरलेल्या निम्म्यांना मासा हवा, पण काटा नको. एकदा काकूने मोठ्या हौसेने निवट्यांचं कालवण केलं. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा, बटाट्यासारख्या डोक्याचा मासा. आमच्याकडे जावई आला की करतात. इंदूरच्या एका मुलीने ताटात बघितलं आणि विचारलं, "ये मुझे क्यूँ देख रहा है?" तेव्हापासून पाहुण्यांच्या ताटातून निवटी गेली आणि पनीर आलं. काकू पनीरमध्ये पण आगरी मसाला घालायची. तेवढी तिची मुखत्यारी शिल्लक होती.

दुपारच्या जेवणानंतर पाहुणे केशरी जॅकेटं घालून बांधावर जायचे. एका शनिवारी होड्या खुद्द खाडीत असायच्या, पुढच्या शनिवारी मात्र आत. बांधाच्या आत, शेतांच्या कडेने एक रुंद ओहोळ जातो, उघाडीपर्यंत. त्यात चार होड्या सोडलेल्या. दोन्ही काठांना खारफुटी, वर बगळे, आणि सगळं पाण्याने काठोकाठ भरलेलं. फोटोत फार सुंदर दिसायचं. माझ्या लक्षात यायला वेळ लागला, की तो ओहोळ मी हिवाळ्यात काठोकाठ भरलेला कधीच पाहिला नव्हता.

आधी लक्षात आलं ते आयेच्या. एका शनिवारी सकाळी भाकरी थापताना तिने मान खाडीकडे वळवली आणि तशीच ठेवली. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"काय गं?"

"वाजली नाय."

"तुझं लक्ष नसेल."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि करपलेली भाकरी तव्यावरून काढली. पुढच्या शनिवारी झडप वाजली. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा नाही. मधल्या सगळ्या दिवशी नेमाने वाजायची. फक्त एकाआड एक शनिवारी, सकाळी चढायला लागणारी दुपारची भरती आमच्या घराला न सांगता येऊन जायची.

काकांना मी बांधावर गाठलं. ते होडीची वल्ही धूत होते.

"काका, काल झडप नाही वाजली."

"रबर लावलाय तिला," ते वर न बघता म्हणाले. "पावन्यांची पोरं दचकतात."

"मग परवा कशी वाजली?"

"पडला असेल रबर." मग वर बघून हसले. "तू पेपरात देतेस का आता, झडपेची बातमी?"

मी उघाडीकडे जायला निघाले तर तिच्या वाटेवर नवीन पाटी लावलेली. 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी.' माझ्या गावच्या बांधावर, माझ्या घराची पाळी असलेल्या उघाडीवर. मी पाटीच्या बाजूने गेले. झडपेला रबर नव्हतं. आत दगडी खाचांमध्ये मात्र नव्या सागवानी फळ्या होत्या, हव्या तेव्हा वर ओढायच्या, हव्या तेव्हा खाली टाकायच्या, आणि शेजारी झडप उचलून धरायला एक बांबू.

घरी येऊन मी ते गुळगुळीत पत्रक बाहेर काढलं. आधी नसलेलं शोधण्याच्या नादात मी असलेलं नीट वाचलंच नव्हतं. 'दर शनिवारी, दुपारी चार वाजता: निळ्याशार पाण्यात नौकाविहार.' आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की भरती रोज पुढे सरकते. पुनवेला आणि अवसेला ती भर दुपारी बाराच्या सुमाराला असते आणि चारला खाडीत गुडघाभर चिखल उरतो. अष्टमीच्या आसपास ती संध्याकाळकडे जाते, तेव्हा चारला पाणी चढत असतं. म्हणजे एक शनिवार पाण्याचा आणि एक चिखलाचा. दर शनिवारी चारला पाणी मिळेल असं वचन दोनच माणसं देऊ शकतात. एक, ज्याला खाडी माहीत नाही. दुसरा, ज्याच्या हातात उघाडी आहे. चिखलाच्या शनिवारी काका बांबूने झडप उचलून दुपारची भरती आत घेत होते, आणि ओहोटी लागायच्या आत फळ्या टाकून ते खारं पाणी ओहोळात कोंडून ठेवत होते.

आणि त्या ओहोळाच्या कडेला, सगळ्यात खोलगट जागी, आमचं शेत. बाबा गेल्यावर उरलेला एकच तुकडा. आये मला तिथे घेऊन गेली. कापणीनंतरच्या भेगाळलेल्या जमिनीवर, ओहोळाकडच्या कोपऱ्यात, मीठ सांडल्यासारखी पांढरी खपली आली होती. आयेने चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली, आणि पदराने तोंड पुसलं. "खार फुटलाय," एवढंच म्हणाली. शेतात एकदा खार मुरला की किती पावसाळे पडले म्हणजे तो धुऊन जाईल हे कोणी सांगू शकत नाही. तोवर भात नाही. आणि भात नसलेल्या जमिनीला आमच्याकडे काय म्हणतात ते मला माहीत होतं. प्लॉट म्हणतात.

माझा संशय आता फक्त काकांवर राहिला नाही. सगळं गाव भरती-ओहोटीवर वाढलेलं. चार वाजताचं ते पाणी एकालाही खटकलं नसेल? मी शेजारच्या नलूमावशीला विचारलं. तिच्या रंगवलेल्या खोलीत पाहुणे उतरायचे.

"चारला पानी दिसतंय ना?" ती म्हणाली. "मंग दिसू दे."

"पण मावशी, पुनवेला चारला पाणी असतं का कधी?"

तिने तांदळातला एक खडा बाजूला टाकला. "निशे, तुझ्या आयेच्या शेताचा मना वाईट वाटतंय," ती म्हणाली. म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. पहिलं शेत आमचं होतं, एवढंच.

मी पत्रक लिहिलं. 'शनिवारचं पाणी कोणाचं?' असा मथळा. पनवेलला स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून गठ्ठा काढून आणला. येणारा शनिवार नेमका पुनवेचा होता. ठरवलं की चार वाजता पाहुण्यांच्याही हातात द्यायचं आणि गावाच्याही. आयेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दामा भावजींचा नाव लिवलंस?" मी म्हटलं, हो. त्या दिवशी भिंतीपलीकडून काकूने बिरडं पाठवलं तेव्हा आयेने वाटी रिकामी परत न पाठवता तिच्यात गूळ घालून दिला. आमच्याकडे वाटी रिकामी पाठवत नाहीत हे खरं, पण मला तो माझ्या पत्रकाविरुद्धचा ठराव वाटला.

शनिवारी मी गठ्ठा घेऊन बांधावर पोचले तेव्हा होड्या सुटल्या होत्या. त्या खेपेला नागपूरची मंडळी होती. त्यांच्यात एक निवृत्त शिक्षिका, कुंदाबाई, होडीत न बसता काठावर उभ्या राहून सगळ्यांना सूचना देत होत्या. एका बाजूला ओहोळ काठोकाठ. दुसऱ्या बाजूला, बांधाच्या पलीकडे, खाडी पार उतरलेली, चकाकता चिखल. बांध बांधलेला असतो बाहेरचं पाणी सोसायला. त्या दिवशी सगळा भार आतून होता, आणि एकट्या माणसाला होड्या, पाहुणे आणि फळ्या सांभाळताना खेकड्यांची बिळं बुजवायला सवड झाली नव्हती. मी पहिलं पत्रक काढणार तोच आमच्या शेताच्या टोकाशी बांधाच्या पलीकडच्या अंगाने पाणी पाझरताना दिसलं. मग मनगटाएवढी धार. मग बांधाचा एक तुकडा कुशीवर वळल्यासारखा बाहेर कलंडला आणि ओहोळ त्यातून खाडीत ओतायला लागला. एक होडी मागे मागे ओढली जाऊन चिखलात तिरकी बसली. त्यातली माणसं टाळ्या वाजवत होती.

"खांड गेली," मी ओरडले. काकाही ओरडले. आळीतून ते ओरडणं पुढे पुढे गेलं.

बांध फुटला की पडतं त्या खिंडाराला खांड म्हणतात, आणि खांडीचे आमच्याकडे दोन नियम आहेत. पहिला, त्या घटकेला गावात जो कोणी असेल त्याने माती वाहायची. जावई असो, पोस्टमन असो. दुसरा, खांड बुजेपर्यंत ती कोणामुळे पडली हे कोणी तोंडातून काढायचं नाही. दोषाचं बोलणं सुरू झालं की हात थांबतात, आणि समुद्र थांबत नाही. रात्रीच्या भरतीच्या आत खांड बुजली नाही तर आमचा तुकडाच नाही, अख्ख्या गावाची शेतं खाऱ्या पाण्याखाली जाणार होती. मी गठ्ठा बांधावर दगडाखाली ठेवला आणि घमेलं उचललं.

गावकीतले सगळ्यात वयस्क हिरू आजा काठी टेकत आले आणि पाहुण्यांना म्हणाले, "चला, लायनीत उभे ऱ्हा."

शेखर मधे पडला. "बाबा, हे यांच्या प्रोग्रॅममध्ये नाहीये."

"खाडीच्या हाय," हिरू आजा म्हणाले.

मग नागपूरची मंडळी केशरी जॅकेटांसकट रांगेत आली. कुंदाबाईंनी साडी खोचली. "काय होऊन राहिलं ते कोणी सांगेल का?" असं विचारत विचारत त्या घमेलं पुढे देत होत्या. पुष्कळांना वाटत होतं हा दाखवण्यासाठी केलेला खेळ आहे. शेखरला काय वाटत होतं माहीत नाही. तो एका हाताने घमेलं देत होता आणि दुसऱ्या हाताने व्हिडिओ काढत होता. रांगेचं शेवटचं टोक मी होते, आणि खांडीत कमरेएवढ्या चिखलात काका. मी घमेलं द्यायची, ते घ्यायचे, रिकामं करायचे, परत द्यायचे. इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मला जे बोलायचं होतं ते सगळं माझ्या तोंडात होतं आणि दगडाखाली छापूनही होतं, आणि बोलता येत नव्हतं. तेही डोळे वर करत नव्हते. एकदाच म्हणाले, "माती कोरडी दे. ही विरघळते."

सूर्य खाली आला तेव्हा खांड कमरेइतकी उरली होती. दम खायला कुंदाबाई बांधावर टेकल्या, चिखलाचे हात पुसायला काहीतरी शोधलं, आणि दगडाखालचा माझा कागद ओढला. हात पुसले. मग शिक्षिकेच्या सवयीने उरलेला मजकूर वाचला. आणि त्यांना आमचा दुसरा नियम कुठे माहीत होता.

"म्हणजे हे पाणी आमच्यासाठी अडवलं होतं?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "आम्हाले होडीत बसवायसाठी?"

रांग थांबली. हातातली घमेली हातात राहिली. काकांनी पहिल्यांदा वर बघितलं, त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. मी खाली बघितलं नाही.

"बाई, सांगू," हिरू आजा म्हणाले. "खांड बुजल्यावर सांगू. आता हात चालवा."

शेवटची माती पडली, पायांनी तुडवली गेली. कोणी हलेना. पाहुण्याने विचारलेलं गाव गिळून टाकू शकत नव्हतं. मी विचारलं असतं तर घरचं भांडण म्हणून सोडून दिलं असतं. काका चिखलातून वर आले, कुंदाबाईंसमोर उभे राहिले.

"हो," ते म्हणाले. "तुमच्यासाठीच अडवलं. ओहोटीला आमची खाडी म्हणजे नुसता चिखल. तुमी एवढ्या लांबून येनार, मुंबई बघून येनार. तुमाला चिखल दाखवायला मना बरा नाय वाटला."

"अहो भाऊ," कुंदाबाई म्हणाल्या, "आम्ही दुपारपासून चिखलच तर पाहून राहिलो."

कोणीतरी हसलं. काका हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"आन् तू. शेत शेत करतेस. आज ना उद्या ता जानारच हाय. इकडून विमानतळ, तिकडून हायवे. वयनीच्या मागारी कोन करनार हाय शेत? तू? तू पनवेलला खोलीत बसून कागद लिवतेस."

पत्रकात शत्रूचे प्रश्न नसतात, आपलेच असतात. आये माझ्या मागे उभी होती, हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. ती म्हणाली, "शेत मी करते भावजी. मी हाय अजून."

"आणि पाळी मी करीन," मी म्हटलं. "आमच्या घराची पाळी आहे. माझ्या नावाने लावा."

"बाईमानूस पालीवर?" मागून कोणीतरी म्हणालं.

हिरू आजांनी बुजवलेल्या खांडीकडे बघितलं, रांगेत उभ्या असलेल्या अर्ध्याअधिक बायांकडे बघितलं. "माती कोनी वायली?" त्यांनी विचारलं. तो ठराव होता. त्याच दमात त्यांनी आणखी एक गोष्ट करून टाकली: ज्याची त्याची पाळी त्याच्या घरी परत. सुट्टी मिळो न मिळो. काकांकडे त्यांची एक उरली.

काकांचं उत्तर मला तेव्हा खरं वाटलं. पुरेसं वाटलं नाही. पाहुण्यांपुढे आपल्या चिखलाची लाज वाटणारा माणूस मी समजू शकते, पण सागवानी फळ्या लाजेने येत नाहीत, त्या कोणीतरी आणून देतं. पुढच्या आठवड्यात शेखर बांध बघायला आला आणि आमच्या कोपऱ्याचा फोटो काढत त्याने आयेला विचारलं, "हा प्लॉट कोणाचा?"

"शेत हाय ता," आये म्हणाली.

"नाही, सहज विचारलं," तो हसून म्हणाला. त्याचं ते सहज मी अजून ठेवलं आहे, घडी करून.

त्या कोपऱ्यात पुढे काही पावसाळे भात उभा राहिला नाही. आता राहतो, पण विरळ, आणि लोंब्या हलक्या. कंपनीने गाव सोडलं नाही. मुंबईच्या चार दिवसांत आमचा एक दिवस अजून आहे, फक्त पत्रकात आता 'नौकाविहार: भरतीच्या वेळेनुसार' असं छापतात, आणि त्याखाली 'ग्रामस्थांसोबत बांध घालण्याचा चिखलमय अनुभव' असंही छापतात. शेखरचा तो व्हिडिओ लोकांना फार आवडला म्हणे. मी त्याविरुद्ध पत्रक काढलं. मग हिरू आजा म्हणाले, बिळं बुजवायला फुकटचे हात मिळतात तर मिळू दे. ते गेले गेल्या वर्षी. नाहीतर त्यांच्याशी हे भांडण अजून चालू असतं. काका आणि मी बोलतो. भिंतीपलीकडून वाटी येते, भरून परत जाते.

शेखरचा फोन दर आठवड्याला येतो. "मॅडम, या शनिवारी पाणी कधी?" मी बरोबर वेळ सांगते. चिखलाचा शनिवार असला की तो विचारतो, "थोडं पुढेमागे नाही होणार?" मी म्हणते, नाही होणार. तो हसतो. म्हणून तशा शनिवारी, पाळी माझी असो नसो, मी पनवेलहून सकाळीच निघते, पाटी काढून टाकलेल्या वाटेने उघाडीवर जाते आणि तिच्या दगडी कठड्यावर बसून राहते. पाणी चढतं, झडप जराशी डुलते, आणि मग आपटते. पायाखालचा दगड हादरतो. तो आवाज घरापर्यंत गेलेला असतो, आयेने ऐकलेला असतो, हे मला माहीत आहे. तरी मी शेतातून चालत जाते आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगते, "लागली."

आये भाकरी उलटते. "बघून आयलीस?"

"बघून आले."